दोन दिवसांचे स्पोर्ट क्लाइंबिंग आणि डोंगरातला मुक्काम: नियोजन कसे करावे?

कपारवाट:

नमस्कार. आम्ही पाच जण एका शनिवार-रविवारी डोंगरात तंबू टाकून राहण्याचे आणि तिथल्या बोल्ट मारलेल्या कड्यावर स्पोर्ट क्लाइंबिंग (कातळात आधीच बसवलेल्या बोल्टमध्ये दोर अडकवत चढणे) करण्याचे ठरवीत आहोत. आमच्यापैकी दोघांना बाहेरच्या कातळावर लीड करण्याचा, म्हणजे दोर बोल्टमध्ये अडकवत सर्वांत आधी चढण्याचा, अनुभव आहे. उरलेले तिघे बंदिस्त कृत्रिम भिंतीवर नियमित चढतात, तिथे ६बी श्रेणीचे (फ्रेंच श्रेणीपद्धतीत मध्यम कठीण) मार्ग पूर्ण करतात, पण खऱ्या कातळाला त्यांनी अजून हात लावलेला नाही. आमच्याकडे ६० मीटरचा एक रोप (चढाईचा दोर) आहे आणि दुसरा मिळण्यासारखा आहे. सामानाच्या याद्या पुष्कळ वाचल्या. परंतु दोन दिवसांत कितपत चढून होईल, कडा कोणत्या निकषांवर निवडावा आणि नवख्यांकडून निघण्यापूर्वी कोणती गोष्ट पक्की करून घ्यावी, हे त्या याद्यांमधून कळत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दोरवाला:

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. बंदिस्त भिंतीवर मार्ग संपल्यानंतर चढणाऱ्याला बहुधा काहीच करावे लागत नाही. बिले देणारा (खाली उभा राहून उपकरणाने रोप धरणारा) रोप सोडत जातो आणि चढणारा खाली येतो. कड्यावर मात्र शेवटच्या माणसाला अँकरपाशी (मार्गाच्या टोकाला कातळात पक्क्या बसवलेल्या आधारापाशी) पोहोचल्यावर रोप तिथल्या पोलादी रिंगांमधून ओवून आणि आपले क्विकड्रॉ (बोल्ट आणि रोप जोडणारे, दोन्ही टोकांना कड्या असलेले छोटे पट्टे) काढून घेऊन मगच उतरावे लागते. त्या काही मिनिटांत त्याच्या हातून रोपची गाठ सुटणार असते, आणि खाली उभ्या असलेल्या कोणालाही त्याचे हात नीट दिसत नसतात. म्हणून ही कृती निघण्याआधी जमिनीवर पक्की करून घ्या.

आम्ही शिकवतो तो क्रम असा. अँकरला पोहोचताच हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा पट्ट्याला) बांधलेल्या स्लिंगने (मजबूत पट्टीच्या फासाने), लॉक होणाऱ्या कॅराबिनरने (उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीने), स्वतःला अडकवून घ्यावे. मग थोडा सैल रोप मागून त्याची घडी दोन्ही रिंगांमधून आरपार काढावी, त्या घडीवर इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारून ती दुसऱ्या लॉक होणाऱ्या कॅराबिनरने हार्नेसच्या बिले लूपमध्ये (पुढच्या मजबूत फासात) अडकवावी आणि कॅराबिनर लॉक झाल्याचे दाबून पाहावे. त्यानंतरच हार्नेसची मूळ गाठ सोडून मोकळे टोक रिंगांमधून ओढून घ्यावे. बिले देणाऱ्याला रोप ताणायला सांगून पूर्ण वजन रोपवर टाकावे, रोप खरोखर आपल्याला धरून आहे याची खात्री करावी, आणि मगच स्लिंग व क्विकड्रॉ काढावेत. घडी ओवण्याच्या या पद्धतीत चढणारा एक क्षणही रोपपासून सुटा होत नाही आणि रोप हातातून निसटून खाली पडण्याचा प्रश्नच येत नाही. घडी मावणार नाही इतक्या अरुंद रिंगा असतील तर क्रम बदलतो. अशा मार्गावर पहिल्या खेपेला नवख्याला शेवटचा चढवू नका.

याच्याशीच जोडलेली दुसरी बाब म्हणजे बोलणे. चढणारा वरून रॅपेल करून (स्वतः रोपवरून उतरून) येणार आहे की बिलेवर खाली सोडला जाणार आहे, हे जमिनीवर असतानाच ठरले पाहिजे. वरच्याला वाटते की खालचा आपल्याला धरून आहे आणि खालच्याला वाटते की वरचा स्वतः उतरणार आहे, अशा गैरसमजातून अनुभवी जोड्यांचेही जीवघेणे अपघात झालेले आहेत. आपल्यासाठी नियम सोपा ठेवा: या दोन दिवसांत सर्वांना बिलेवरच खाली घेतले जाईल, आणि चढणारा जमिनीवर येईपर्यंत बिले देणारा उपकरणातून रोप काढणार नाही.

आता रोप. ६० मीटरच्या रोपवर ३० मीटरचा मार्ग कागदावर बसतो, पण वापरलेला रोप थोडा आखूड होतो, कधी झिजलेले टोक कापून टाकलेले असते, आणि काही ठिकाणी मार्गाची लांबी जमिनीपासून न मोजता वरच्या एखाद्या ओट्यापासून मोजलेली असते. त्यामुळे २५ मीटरपर्यंतचे मार्ग निवडा आणि त्याहीपेक्षा आग्रहाने सांगतो की रोपच्या खालच्या टोकाला प्रत्येक वेळी गाठ मारा. रोप कमी पडला तर ती गाठ बिले उपकरणापाशी अडकते आणि चढणारा लटकत राहतो. ती नसेल तर टोक उपकरणातून निघून जाते.

श्रेणीविषयी थोडक्यात: बंदिस्त भिंतीवर ६बी चढणाऱ्यांनी कातळावर ५ए किंवा ५बीपासून सुरुवात करावी. रंगीत पकडी नसल्या की पाय कुठे ठेवायचा हे शोधण्यातच पहिला दिवस जातो, आणि तो तसाच जायला हवा.

किती चढून होईल? दुसरा रोप नक्की घ्या. दोन्ही अनुभवी एकाच रोपवर न राहता प्रत्येक रोपवर एक असावा. सोपा मार्ग लीड करून वर स्वतःचे लॉक होणारे कॅराबिनर लावावेत आणि बाकीच्यांना टॉप रोपवर (वरून आधीच लावलेल्या रोपवर) चढू द्यावे. एकामागून एक सर्वांचे वजन कायमच्या रिंगांवर घासले तर त्या लवकर झिजतात, म्हणून रिंगांमधून फक्त शेवटच्यानेच उतरावे. या पद्धतीने एका दिवसात प्रत्येकाला चार-पाच मार्ग मिळाले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी बोटांची कातडी आणि मनगटे दोन्ही थकलेली असतात, त्यामुळे रविवारी दुपारनंतर लीड ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रानमुक्कामी:

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. कड्याच्या निवडीबद्दल मात्र त्यात काही आले नाही, ते लिहितो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्यावर दिवसभर ऊन असते आणि उत्तरेकडच्या कड्यावर जवळजवळ नसतेच. थंडीत पहिला बरा, उन्हाळ्यात दुसरा. तापलेल्या कातळावर घामेजलेले हात निसटतात, त्यामुळे पूर्वेकडचा कडा दुपारनंतर आणि पश्चिमेकडचा सकाळी, असे सावलीमागे फिरता आले तर दिवस दुप्पट उपयोगी पडतो. काही कडे पक्ष्यांच्या विणीच्या काळात चढाईसाठी बंद असतात, ही चौकशी तारीख ठरवण्याआधी व्हायला हवी.

तंबू कड्याच्या पायथ्याला लावण्याचा मोह होतो, कारण सकाळी चालावे लागत नाही. तिथे लावू नका. वरून दगड सुटण्यासाठी कोणी चढत असण्याची गरज नसते. वारा, पाऊस आणि जनावरेही दगड पाडतात. याच कारणाने दिवसाही विश्रांती कड्यापासून बाजूला घ्यावी आणि पायथ्याशी उभे असताना बिले देणाऱ्यानेही हेल्मेट घालावे. कोरड्या ओढ्याचे पात्र सपाट आणि मऊ दिसते, पण दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी तिथूनच येते. दरीच्या अगदी तळाशी रात्री थंड हवा साचते, म्हणून तळापासून थोड्या उंचावरची, वाऱ्याला आडोसा असलेली जागा शोधा. पाण्यापासून किमान ६० मीटर अंतर ठेवा. शौचासाठीही तेवढेच अंतर आणि १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा हवा.

थंडीचा अंदाज घेताना दर १००० मीटर चढावर तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते हे लक्षात ठेवा. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यांतला 'कम्फर्ट' हा आकडा पाहावा, सर्वांत खालचा टोकाचा आकडा झोपेसाठी नसतो. अंगाखालची बॅग वजनाने दबून निरुपयोगी होते, त्यामुळे चांगल्या मॅटला पर्याय नाही. आणि कितीही वारा असला तरी तंबूच्या आत शेगडी पेटवू नये. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि त्या वायूला वास नसतो.

कपारवाट:

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा रोप निश्चित केला आहे आणि अँकरचा सराव आम्ही या आठवड्यापासूनच जमिनीवर सुरू करतो. एक शंका उरली. लीड करणाऱ्याला मध्येच पुढे जाणे जमले नाही, किंवा तो अर्ध्यावर असताना ढग गडगडू लागले, तर काय करावे? नवखे बिलेवर असताना अशी वेळ आली तर निर्णय आधी ठरलेला असावा असे वाटते.

कातळस्नेही:

निर्णय आधी ठरलेला असावा हे अगदी योग्य आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर वादळ सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. तोवर थांबूही नये. गडगडाट कानावर पडताच चढणाऱ्याला खाली घ्यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कड्यापाशी परत जाऊ नये. पाऊस थांबला म्हणजे कातळ चढण्याजोगा झाला असे नाही. वालुकाश्म भिजला की आतून कमकुवत होतो आणि पकडी तुटतात, बोल्टही धोक्यात येतात. तो वरून कोरडा दिसला तरी एक-दोन दिवस, जोरदार पावसानंतर त्याहून अधिक, सोडून द्यावा लागतो. ग्रॅनाइट त्या मानाने लवकर मोकळा होतो. तुमचा कडा कोणत्या खडकाचा आहे हे म्हणूनच आधी विचारा, कारण शनिवारी रात्री पाऊस झाला तर रविवार त्यावरच ठरणार आहे.

अर्ध्यावरून माघार घेण्यासाठी लीड करणाऱ्याच्या हार्नेसला दोन जुने पण धड कॅराबिनर, किंवा स्क्रूने बंद होणाऱ्या दोन पोलादी कड्या, कायम अडकवलेल्या असाव्यात. त्या तिथेच सोडून यायच्या असतात, म्हणून त्यांचा जीव धरू नये. रोप थेट बोल्टच्या हँगरमधून (बोल्टला बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या भोकातून) ओवून कधीही उतरू नका: हँगरची कड पातळ असते आणि वजनाखाली सरकणारा रोप तिच्यावर कापला जाऊ शकतो. स्लिंगमधूनही नाही, कारण नायलॉनवर नायलॉन घासून काही क्षणांत वितळते.

बोल्टवर भार टाकण्याआधी हँगर बोटाने हलवून पाहावा. तो सैल फिरत असेल, किंवा बोल्टखाली कातळावर गंजाचा तपकिरी ओघळ उतरलेला असेल, तर त्या बोल्टवर माघार घेऊ नका. हळूहळू खाली उतरत आधीच्या चांगल्या बोल्टपर्यंत या. तिथे एक कॅराबिनर लावा, त्याच्या खालच्या बोल्टवर दुसरा राहू द्या, आणि दोन्हींमधून रोप जात असतानाच बिले देणाऱ्याला खाली घ्यायला सांगा.