प्रतिसाद: एम.ए. झालं, आता थेट क्लिनिक?

वर विचारलंय की एम.ए. मानसशास्त्र झाल्यावर लगेच स्वतःची खोली घेऊन थेरपी सुरू करता येईल का. समुपदेशक अशी पाटी लावायला आजवर तरी कुणी अडवत नव्हतं, खरी गोची तीच आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' मात्र असं लिहिता येत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्याच आहे आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय, म्हणजे असे अभ्यासक्रम मान्य करणारी सरकारी संस्था) मान्यता असलेलं, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत घेतलेलं प्रशिक्षण लागतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी ते दोन वर्षांच्या एम.फिल.मधून होत आलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च गुंडाळायचं ठरवलं, त्यामुळे प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची मान्यता नीट तपासून घ्या.

माझं सांगते. पहिली दोन वर्षं पुण्यात एका डॉक्टरांची खोली दुपारी तासावर घ्यायचे. तपासणीचं टेबल चादरीने झाकायचं, दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या, घड्याळ क्लायंटच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे वेळ बघताना आपली नजर चोरटी वाटत नाही. आठवड्याला जेमतेम तीन जण. त्यातल्या एकाची फी जवळपास सगळी सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडून आपल्या कामावर मार्गदर्शन घ्यायला, जायची. आई म्हणायची, "अगं, तूच पैसे देऊन शिकतेयस की काय अजून?" हो, तसंच होतं. सुपरव्हिजन मात्र वाचवू नका, हवं तर सकाळी शाळेत अर्धवेळ नोकरी धरा. मी चार वर्षं धरली होती.