मदत हवी आहे: रक्तप्रवाह परतल्यावर फॉस्फोलॅम्बान या प्रथिनाचा कॅल्शियम-पंपावरचा ब्रेक सुटणे हृदयाच्या हिताचे की घाताचे?

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करतो. लँगेनडॉर्फ उपकरणावर (शरीराबाहेर काढलेले हृदय द्रव पुरवून धडधडते ठेवणारी मांडणी) उंदराच्या हृदयाचा प्रवाह ३० मिनिटे बंद ठेवून नंतर १२० मिनिटे पुन्हा चालू करतो. प्रवाह सुरू होताच दाब मोजायला डाव्या कप्प्यात बसवलेल्या फुग्याचा विश्रांतीचा दाब चढू लागतो आणि हृदय आखडून कडक होते. शेवटी टीटीसी या रंजकद्रव्यात बुडवलेल्या कापांवर जिवंत स्नायू विटकरी लाल आणि मेलेला फिकट दिसतो.

माझी अडचण कॅल्शियमच्या हिशेबाची आहे. प्रवाह बंद असताना पेशीत साचलेले आम्ल बाहेर टाकण्याच्या नादात सोडियम आत येते, ते काढण्यासाठी सोडियम-कॅल्शियम विनिमयक उलटा चालतो आणि कॅल्शियम आत लोटतो. हे कॅल्शियम पेशीतल्या साठ्यात (सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये) भरणाऱ्या सर्का पंपावर फॉस्फोलॅम्बानचा ब्रेक असतो. कॅमकायनेज या कॅल्शियमने जागृत होणाऱ्या विकराने फॉस्फोलॅम्बानच्या थ्रिओनिन-१७ या जागेवर फॉस्फेट चढवले की हा ब्रेक सुटतो. म्हणजे हे हिताचेच असायला हवे, आणि प्रवाह थोडाच वेळ बंद असेल तर आकुंचन सावरायला त्याची मदत होते असे वाचनात आले आहे. मात्र बंदचा काळ लांबला की त्याच कॅमकायनेजला केएन-९३ या रोधकाने रोखल्यावर मृत भाग घटतो. माझा तर्क असा की काठोकाठ भरलेला साठा रायनोडिन रिसेप्टरमधून (साठ्यातून कॅल्शियम बाहेर सोडणाऱ्या वाहिनीतून) गळतो, कारण कॅमकायनेज त्या रिसेप्टरलाही सेरीन-२८१४ या जागेवर फॉस्फेट चढवून सैल करते, आणि गळलेले कॅल्शियम शेजारच्या मायटोकाँड्रियात शिरून तिथले पेशीला मारणारे छिद्र उघडते. केएन-९३ या दोन्ही वाटा (फॉस्फोलॅम्बानची आणि रायनोडिन रिसेप्टरची) एकदम बंद करते, शिवाय एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांनाही अडवते, त्यामुळे दोष कोणाचा हे त्यावरून ठरत नाही.

भरीला माझीच एक चूक झाली. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनावरचे फॉस्फेट पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीसाठी) मी १२० व्या मिनिटाची ऊती घेतली आणि थ्रिओनिन-१७ ची पट्टी जवळपास उमटलीच नाही. ही खूण पहिल्या एकदोन मिनिटांतच येऊन ओसरते हे मागाहून लक्षात आले.

प्राणी-नीती समितीने मंजूर केलेले प्राणी मोजकेच उरले आहेत, आणि या दोन वाटा वेगळ्या करता येतील असे उत्परिवर्तित उंदीर आमच्याकडे नाहीत. तेव्हा दोन गोष्टी विचारतो. पहिल्या मिनिटाची ऊती द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या चिमट्याने गोठवताना फुगा आधी काढावा की तसाच ठेवावा? आणि केवळ गळती थांबवायला डँट्रोलीन (रायनोडिन रिसेप्टर स्थिर ठेवणारे औषध) वापरून मृत भाग घटला, तर फॉस्फोलॅम्बान निर्दोष ठरवण्यास तेवढे पुरेसे आहे का? हा प्रयोग स्वतः केलेल्यांनी कृपया लिहावे.