हडसर, चावंड आणि मासवडी

हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, ही ट्रेकर्सची तक्रार अगदी खरी. त्यापेक्षा जुन्नरहून हडसर किल्ल्यावर जा. कातळ कोरून काढलेल्या पायऱ्या आणि दरवाजा बघत मी तासभर तिथेच बसून होते! कड्यातल्या खुंट्यांच्या आधाराने चढायची खुंटीची वाट मात्र माहितगार सोबत असेल तरच, आणि पावसाळ्यात तर नकोच. चावंड किल्ल्यावरची पाण्याची सात टाकीही चुकवू नका.

खाण्याचं म्हणाल तर मासवडी-रस्सा. नावात मासा असला तरी बेसनाच्या आवरणात तीळ-खोबऱ्याचं सारण, म्हणजे शाकाहारीच. खानावळ कुठली चांगली, हे एसटीच्या कंडक्टरकाकांना विचारा. गडाखालच्या वाडीत आधी सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरीही मिळते; तिथे पैशांची घासाघीस कृपया करू नका.