फोनीम-अ‍ॅलोफोन, मॉर्फीम-अ‍ॅलोमॉर्फ, सब्जेक्ट-एजंट: व्याख्या पाठ आहेत, पण ओळखायचं कसं?

एमए_भाग१_पुणे:
विद्यापीठात एम.ए. इंग्रजीचं पहिलं वर्ष चालू आहे. भाषाशास्त्राच्या पेपरात वरच्या जोड्यांवर टिपा येतात. अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या गाइडात एकेका ओळीची व्याख्या आहे. ती पाठ होते, पण नवा शब्द समोर आला की कुठली संज्ञा लावायची तेच कळत नाही. काही पद्धत आहे का?

कंठतालव्य:
व्याख्या बाजूला ठेवा आणि कसोटी धरा. फक्त एक ध्वनी बदलला तर अर्थ बदलतो का? 'पळ' आणि 'फळ' घ्या. ओठ मिटून म्हटलेला फ आणि साधा प, एवढाच फरक. अर्थ मात्र वेगळा. म्हणजे मराठीत हे दोन वेगळे फोनीम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनी. अशा जोडीला मिनिमल पेअर म्हणतात.

इंग्रजीतही हे दोन्ही ध्वनी आहेत. 'पिन'मधला प हवेच्या झोतासह येतो, 'स्पिन'मधला झोताशिवाय. पण त्यांची अदलाबदल केली तरी दुसरा शब्द तयार होत नाही, म्हणून तिथे ते एकाच फोनीमचे उच्चारभेद, म्हणजे अ‍ॅलोफोन ठरतात. त्यांच्या जागाही ठरलेल्या: आघात असलेल्या सिलॅबलच्या (शब्दातल्या उच्चारखंडाच्या) सुरुवातीला झोत येतो, स नंतर येत नाही. ही कॉम्प्लिमेंटरी डिस्ट्रिब्युशन, म्हणजे एक येतो तिथे दुसरा येत नाही, आणि टिपेत हे वाक्य हवंच.

पुस्तकात तोंडासमोर कागदाची पट्टी धरायला सांगतात. आपण मराठी माणसं इंग्रजी 'पिन'सुद्धा बहुधा झोत न सोडताच म्हणतो, त्यामुळे पट्टी हलत नाही आणि विद्यार्थी गोंधळतात. ब्रिटिश माणसाला आपला 'पिन' कधीकधी 'बिन' ऐकू येतो, तोही याच कारणाने. पट्टी धरून मुद्दाम फ म्हणून पाहा, झोत कळेल.

लिहिताना फोनीम तिरक्या रेघांत, अ‍ॅलोफोन चौकटी कंसात. हे उलटं झालं तर संज्ञाच कळलेली नाही असा तपासणाऱ्याचा समज होतो.

प्रत्ययवाला:
मॉर्फीमचं बघू, म्हणजे अर्थ असलेल्या सर्वांत लहान तुकड्याचं. सिलॅबल मोजू नका. 'हॉस्पिटल' तीन सिलॅबलचा, मॉर्फीम एक. 'डॉग्ज' एका सिलॅबलचा, मॉर्फीम दोन.

अनेकवचनाचा प्रत्यय कानाने ऐका, स्पेलिंगवर जाऊ नका. 'कॅट्स'मध्ये स, 'डॉग्ज'मध्ये झेडचा आवाज, 'बसेस'मध्ये आधी एक स्वर आणि मग झेड. मॉर्फीम एकच, त्याची उच्चाररूपं, म्हणजे अ‍ॅलोमॉर्फ तीन. निवड शेजारचा ध्वनी करतो: शेवट अघोष (स्वरतंतू न थरथरता निघणारा) असेल तर स, घोष (ते थरथरून निघणारा) असेल तर झेड, आणि शेवटी स, श, च, ज यांसारखा सिबिलंट (सुसकारणारा ध्वनी) असेल तर मध्ये स्वर घालावाच लागतो. 'ऑक्सन'मधला ('ऑक्स'चं अनेकवचन) प्रत्यय मात्र ध्वनीवर अवलंबून नाही, तो त्या शब्दापुरता ठरलेला आहे. हा फरक लिहिला की उत्तराला वजन येतं. मराठीत समांतर उदाहरण हवं असेल तर 'घर' आणि 'घराला'मधलं 'घरा-' घ्या. सामान्यरूप म्हणजे मुळाचा अ‍ॅलोमॉर्फच.

तीन शब्द शेजारी ठेवून पाहा: 'टीचर', 'टॉलर', 'कॉर्नर'. पहिल्यातला '-अर' क्रियापदापासून नाम घडवतो, म्हणून डेरिव्हेशनल (नवा शब्द घडवणारा). दुसऱ्यात विशेषण विशेषणच राहतं, म्हणून इन्फ्लेक्शनल (फक्त रूप बदलणारा). तिसऱ्यात तो मॉर्फीमच नाही, कारण तो काढला तर 'कोपरा' या अर्थाशी नातं असलेलं काही उरत नाही.

वाक्यरचना_पुणे:
सब्जेक्टची गल्लत शाळेतल्या व्याकरणामुळे होते. 'रामाने आंबा खाल्ला' यात आपण रामाला कर्ता म्हणतो, कारण क्रिया तो करतो. क्रियापद मात्र आंब्याप्रमाणे चालतं. ही सवय घेऊन 'द मँगो वॉज ईटन बाय राम' या वाक्याकडे गेलं की मुलं रामाला सब्जेक्ट लिहितात. राम इथे एजंट, म्हणजे क्रिया करणारा, आहे. सब्जेक्ट, म्हणजे क्रियापद ज्याप्रमाणे चालतं तो, आहे मँगो.

कसोटी म्हणून वाक्याला टॅग क्वेश्चन लावा. 'वॉजंट इट?' येतं, 'वॉजंट ही?' नाही. 'इट' ज्याच्याबद्दल तो सब्जेक्ट. शिवाय अनेकवचन केलं की 'मँगोज वेअर' होतं, राम कितीही असोत.

एमए_भाग१_पुणे:
आणि टेन्स? शाळेत तीन काळ शिकलो. इथे सर दोनच म्हणतात.

वाक्यरचना_पुणे:
सरांचं बरोबर आहे. इंग्रजी क्रियापदाचं रूप फक्त वर्तमान आणि भूत यांसाठी बदलतं. भविष्यासाठी वेगळा प्रत्यय नाही. 'विल' हे मोडल, म्हणजे शक्यता, इच्छा असं काही दाखवणारं सहायक क्रियापद, आहे. 'टेन्स म्हणजे क्रियापदाच्या रूपातून दिसणारा काळ' हे आधी लिहा आणि मग दोन म्हणा, नाहीतर आकडा अधांतरी राहतो. कंटिन्युअस आणि परफेक्ट हे क्रिया चालू की पूर्ण ते दाखवणारे, म्हणजे अ‍ॅस्पेक्ट, ते टेन्सच्या यादीत घालू नका.