मदत हवी आहे: अंटार्क्टिकावर बर्फ कधी साचला हे समुद्रातल्या गाळावरून कसं काय कळतं? (भाचा अडकलाय, आता मी पण)

तापीकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी कॉमर्सवाला आहे, चोपडा तालुक्यात कृषी केंद्राचं दुकान चालवतो, दगडमातीशी संबंध फक्त खताच्या गोणीपुरता. भाचा नववीत आहे, त्याने विज्ञान प्रदर्शनाला विषय घेतला 'अंटार्क्टिकाचा बर्फ किती जुना'. इथे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो आणि हा पोरगा बर्फ घेऊन बसलाय, असो.

मॉडेल झकास झालंय. दोन लिटरच्या बाटलीत समुद्रतळाचे थर, खाली काळी माती, त्यावर खडूची पूड (म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाच्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या बारीक शिंपल्यांचा गाळ), मधे एक लाल दोरा, त्यावर चिठ्ठी '३ कोटी ४० लाख वर्षं'. दोऱ्याच्या वर शिंपल्यांमध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, एकदम वाढतो, म्हणून तिथे बर्फाची चादर तयार झाली असं तो पाठ म्हणतो. शाळेतल्या फेरीत एका परीक्षक सरांनी विचारलं की बाळा, पाणी नुसतं थंड झालं तरी शिंपल्यात जड ऑक्सिजन वाढतोच ना, मग हा बर्फच कशावरून? पोरगं गप्प. घरी येऊन जेवला पण नाही, ताईने शेवभाजी केलेली तशीच राहिली. पुढची फेरी तालुक्याची आहे, पुढच्या गुरुवारी.

दुसरं, शेतात विहिरीचं काम चालू आहे, त्यातून एक काळा दगड निघाला, एका बाजूवर समांतर ओरखडे आहेत, कोणीतरी स्केल धरून ओढल्यासारखे. भाचा म्हणतो हिमनदीने घासलाय, बाटलीशेजारी ठेवणार. ठेवू द्यायचा का?

सातपुड्याचा_गडी

काय भो, खान्देशात हिमनदी? भरताच्या वांग्याला पण पटणार नाही 😄

खडकवेडा_धुळे

मामा, दगडाचं आधी उरकतो. प्रदर्शनात ठेवू नका. आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्यानंतर खान्देशावर हिमनदी फिरलेली नाही. ओरखडे पोकलेनच्या दातांचे असतील नाहीतर खडकात भेग पडून दोन बाजू एकमेकांवर सरकल्या त्याचे. ब्रशने धुऊन बघा, ओरखड्याच्या आत ताजा पांढुरका रंग दिसला तर पोकलेन. हिमनदीतल्या दगडाला बहुतेक वेळा दोन-तीन बाजू घासून सपाट झालेल्या असतात आणि ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे, कारण दगड बर्फात अडकून फिरत राहतो.

खरंच बर्फाने घासलेला खडक महाराष्ट्रात बघायचाच असेल तर चंद्रपूरकडे इरईला आहे, पण तो बर्फ ३० कोटी वर्षांच्या आसपासचा, तालचेर काळातला. आजच्या अंटार्क्टिकाच्या बर्फाशी त्याचा संबंध नाही, दोन्ही एकत्र केलं तर परीक्षक धरतील.

तापीकाठचा_मामा

धुतला. पांढरा निघाला 🙁 भाच्याला अजून सांगितलं नाही. मुख्य प्रश्नाचं काय?

गाळातला_माणूस

मुख्य प्रश्न मी घेतो, शिकत असताना मी पण इथेच अडकलो होतो. त्या सरांना माझा नमस्कार सांगा, कारण हाच वाद मोठमोठ्या लोकांमध्ये झालाय.

सुपात धान्य पाखडताना हलकं उडतं आणि जड मागे राहतं, तसं समुद्राचं पाणी वाफ होताना हलका ऑक्सिजन-१६ जास्त उडतो. तो बर्फ होऊन ध्रुवावर अडकला की समुद्रात जड जास्त उरतो, शिंपल्यात तेच उतरतं. पण पाणी थंड झालं तरी शिंपला जड ऑक्सिजन जास्त घेतो, साधारण ४ अंश थंडीला हजारात १ एवढा फरक. आणि ३ कोटी ४० लाखाच्या तिथली उडी हजारात १ पेक्षा थोडी जास्तच आहे. म्हणजे सगळी उडी थंडीच्या नावावर खपवता येते! १९७५ साली शॅकल्टन आणि केनेट या शास्त्रज्ञांनी जवळपास तसंच केलं, ही उडी मुख्यतः पाणी थंड झाल्याची धरली आणि मोठी बर्फाची चादर दीडेक कोटी वर्षांपूर्वी आली असं मांडलं.

तो हिशोब फिरला वाळूमुळे. दक्षिण हिंदी महासागरात केर्गेलेन पठार आहे, आपल्या दख्खनसारखंच लाव्ह्याचं, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवर. तिथे खोल पाण्यात ड्रिलिंग केलं (साइट ७४८), तर त्या पांढऱ्याशुभ्र शिंपल्यांच्या गाळात, बरोब्बर उडीच्या थरात, क्वार्ट्झच्या (म्हणजे गारगोटीच्या) वाळूचे कोनेदार कण सापडले. आता सांगा, बेसाल्टच्या पठारावर, भर समुद्रात, वाळू आणून टाकली कोणी? वाऱ्याने येते ती धूळ, एवढी भरड वाळू एवढ्या लांब येत नाही. नदी तर नाहीच. हिमनग तुटून तरंगत आले, वितळले, पोटातली वाळू खाली पडली. आणि हिमनग सुटायचे तर जमिनीवरची हिमनदी समुद्रापर्यंत पोचलेली पाहिजे.

शिवाय १९८८ मध्ये प्रिड्झ उपसागरात, खुद्द अंटार्क्टिकाच्या दारात, ड्रिलिंग झालं तेव्हा हिमनदीने टाकलेला दगडगोट्यांचा जाड गाळ मिळाला, तो पण जुनाच निघाला, त्या उडीच्या आगेमागेचा. आपलं भारती स्टेशन त्याच उपसागराच्या काठावर आहे, हे भाच्याला सांगा, परीक्षकांना आवडेल.

खडकवेडा_धुळे

एक खोडा घालतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसतंच असं नाही, आपल्याकडे सावद्याच्या खाणीत पोकळ्यांमधून गारगोटीचे खडे निघतातच की. सरांनी हे विचारलं तर?

गाळातला_माणूस

बरोबर पकडलंत, पण तिथे क्वार्ट्झसोबत फेल्डस्पार, अभ्रक असा ग्रॅनाइटच्या घरचा माल पण आहे, तो पोकळीतल्या गारगोटीबरोबर येत नाही. तो पूर्व अंटार्क्टिकासारख्या जुन्या खंडाचाच.

तापीकाठचा_मामा

म्हणजे थंडी झालीच नाही, सगळा बर्फच?

गाळातला_माणूस

नाही नाही, उलट्या टोकाला जाऊ नका. आजचा अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तरी ती उडी पूर्ण भरून निघत नाही, म्हणजे थंडी पण झाली आणि बर्फ पण साचला. वाटणी करायला शिंपल्यातलं मॅग्नेशियम बघतात, ते पाण्याच्या तापमानावर अवलंबून असतं आणि बर्फाशी त्याला देणंघेणं नाही. पहिल्यांदा मोजलं तर थंडी दिसेचना, सगळे चक्रावले. मग लक्षात आलं की त्याच वेळी समुद्राच्या पाण्याची रसायनं पण बदलली होती, शिंपले आधीपेक्षा किलोमीटरभर जास्त खोलवर न विरघळता टिकायला लागले होते, त्याने मॅग्नेशियमचं माप बिघडवलं. पुढे टांझानियाच्या उथळ पाण्यातल्या गाळात मोजल्यावर अडीचेक अंशांची थंडी दिसली. नववीच्या पोराने एवढं सांगितलं तर सर स्वतः खुर्ची देतील बसायला.

सातपुड्याचा_गडी

मामा दगड मला द्या, वरवंटा करतो.

तापीकाठचा_मामा

दगड अंगणात नेऊन ठेवला, भाच्याने तोंड पाडलं पण वाळूचं ऐकून पुन्हा उठून बसला, आता गारगोटी फोडतोय फडक्यात गुंडाळून, ताई ओरडतेय. शेवटचं विचारतो, हा चुरा लाल दोऱ्याच्या वर वेगळा थर करून टाकायचा का खडूच्या पुडीत मिसळून?

गाळातला_माणूस

वेगळा थर नको. दोऱ्याजवळच्या पुडीतच मिसळा, तेही चिमूटभरच, आणि बाजूला एक भिंग ठेवा. शोधू दे परीक्षकांना.