मदत हवी आहे: मनोरीच्या वाडीत बसून फिरायची छोटी रेल्वे, ट्रॉली वळणावर घसरते

वाडीवाली:

नमस्कार मंडळी,

आमची मनोरीला वाडी आहे. जुनं घर, विहीर, कडेने माड, एक रायवळ आंबा आणि मधे २६ मीटर बाय १४ मीटरची मोकळी जागा. त्या जागेत बसून फिरता येईल अशी छोटी रेल्वे घालायचं दिवाळीपासून चाललं आहे. टेबलावर मांडायचं मॉडेल नव्हे. रूळ जमिनीवर, ट्रॉलीवर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, पाय दोन्ही बाजूंच्या फळीवर आणि पुढे बॅटरीचं इंजिन.

हे का, ते आधी सांगते. बाबा मध्य रेल्वेत ट्रॅकवर होते. गँगमन म्हणून लागले, मग कीमन झाले आणि मेट (गँगचे मुकादम) होऊन निवृत्त झाले. ३४ वर्षं उन्हापावसात रूळ तपासत चालले. आता वय ७४, गुडघे दुखतात, वाडीत दिवस जाता जात नाही. माझ्या मुलाचं वनराणी या छोट्या गाडीत बसायचं वय झालं आणि नेमकं तेव्हाच, मे २०२१ च्या तौक्ते वादळात, नॅशनल पार्कातले तिचे रूळ खराब होऊन ती बंद पडली. परवा दिवाळीत तो बाबांना म्हणाला, "आजोबा, तुम्ही रूळ घालायचात ना? मग इथे घाला." बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खुंट्या ठोकून, सुतळी लावून जागा आखत होते.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) सव्वासात इंच घेतलं, म्हणजे १८४ मिमी. पाच इंचांत (१२७ मिमी) खर्च कमी झाला असता, पण जमिनीवरच्या रुळावर मोठं माणूस बसलं तर तोल सांभाळायला ते फार अरुंद वाटलं. दारूखान्याच्या लोखंड बाजारातून २५ बाय १० मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी आणली, तिचे ३ मीटरचे तुकडे केले आणि पट्टी उभी ठेवून रूळ केले. सगळी रिंग घालण्याआधी नमुना म्हणून १२ मीटर घातले: ५ मीटर सरळ आणि पुढे साडेचार मीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ. स्लीपर (रुळांखालचे आडवे तुकडे) जंगली लाकडाचे होते. त्यांतल्या सहांना आताच वाळवी लागली आहे, तो प्रश्न वेगळा.

ट्रॉली एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. चौकोनी पाइपची दीड मीटरची फ्रेम, चार चाकं, दोन आसांमधलं अंतर ७०० मिमी, २० मिमीचे आस, ६२०४ बेअरिंग. चाकाची धाव (रुळावर टेकणारा भाग) किंचित निमुळती हवी म्हणून मी चित्र काढून दिलं होतं. त्याने ती सरळ टर्न करून दिली आणि "काही फरक पडत नाही" म्हणाला. मला त्याचा राग आहे, पण पैसे देऊन झाले आहेत.

आता अडचण. सरळ रुळावर ट्रॉली लोण्यासारखी जाते. वळण सुरू झालं की एका मीटरवर एक सांधा आहे, तिथे पुढचं बाहेरचं चाक रुळावर चढतं आणि घसरतं. वेग चालण्याइतकाच. रिकामी ट्रॉली बहुतेक वेळा निघून जाते. २८ किलोची भाची बसली की घसरतेच. ग्रीस लावून पाहिलं, खडीचं पॅकिंग पुन्हा केलं, बाबांनी बाहेरचा रूळ ६ मिमी उचलून कँट दिला. फरक नाही.

बाबा हे मनाला लावून घेत आहेत. त्यांच्या बीटमध्ये (त्यांच्याकडे असलेल्या रुळाच्या टप्प्यात) कधी गाडी घसरली नव्हती. पहाटे टॉर्च घेऊन त्या सांध्याशी बसलेले दिसतात. कोणीतरी नीट सांगा, खोट रुळात आहे की गाडीत? त्रिज्या वाढवावी का? आणि पावसाळ्याआधी काय काय करून घ्यावं? मोटर किती लागेल तेही हवं आहे. वाफेचं इंजिन पुढे कधीतरी करावं अशी माझी फार इच्छा आहे, त्याबद्दलही लिहा.

फिशप्लेट:

ताई, बाबांना वर्साइन (दोरी लावून वळणाचा बाक मोजायचं माप) घ्यायला सांगा, त्यांच्या हाताखालून शेकडो वेळा गेलं असेल. फक्त २० मीटरची दोरी इथे चालणार नाही, १ मीटरची घ्या. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोरीची दोन्ही टोकं धरा आणि मध्याशी दोरी ते रूळ अंतर मोजा. दर २५ सेंटीमीटरला एक नोंद. साडेचार मीटर त्रिज्येला सगळीकडे २८ मिमीच्या आसपास यायला हवं. आकडे इथे टाका, त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

साकीनाका लेथ:

रूळ मोजालच, पण गाडीही तपासा. भाचीला ट्रॉलीवर बसवा, ट्रॉली त्या सांध्याशी उभी करा आणि प्रत्येक चाकाखाली साधा कागद सरकवून बघा. जिथे कागद सहज जातो ते चाक अधांतरी आहे. वेल्डिंग केलेली ताठ फ्रेम चार पायांच्या टेबलासारखी असते. जमीन जराशी पिळली की एक पाय उचलतो. ६ मिमी कँट तुम्ही एका मीटरमध्ये चढवला असेल तर ७०० मिमीच्या फ्रेमखाली ४ मिमीचा पीळ आला. चाकावर वजनच नाही, मग फ्लँज (चाकाची आतली उंच कड) रुळावर चढायला कितीसा वेळ लागणार?

दुसरं, ७०० मिमीचे ताठ आस साडेचार मीटरच्या वळणावर रुळाला साधारण साडेचार अंशांनी तिरके लागतात. फार झालं ते. नेरळ-माथेरान आठवा. १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी लाइन, वळणं इतकी आखूड की तिथल्या वाफेच्या इंजिनांना टोकाची चाकं वळणाप्रमाणे थोडी फिरतील अशी आसाची खास रचना करावी लागली. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन आसांच्या छोट्या फिरत्या बोगी लावा, आसांमधलं अंतर २५० मिमी ठेवा. तिरकेपणा दीड अंशावर येईल. त्यातली एक बोगी बाजूलाही थोडी डोलेल अशी ठेवा, दुसरी ताठ. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर टेकतं, तेच इथे साधायचं.

चाकं फेकू नका. धावेला तीन अंश निमुळतेपणा आणि फ्लँजच्या मुळाशी छोटी गोलाई पुन्हा लेथवर देता येईल. तीक्ष्ण कोपरा असलेला फ्लँज रुळाच्या कडेला चावतो आणि वर चढतो. वळणावर गेज दोन-तीन मिमी सैल ठेवा.

वाडीवाली:

मनापासून आभार. काल दुपारी दोन्ही केलं. मुलाने दोरी धरली, बाबांनी पट्टीने मोजलं, मी लिहून घेतलं. वळणातले आकडे क्रमाने: २८, २७, ३०, ४१, २९, २६, २८, २७.

४१ आला तो नेमका तो सांधा. आणि कागद पुढच्या बाहेरच्या चाकाखालून सरळ निघून गेला. म्हणजे खोट दोन्हीकडे आहे. बाबांनी ४१ आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला आणि विचारलं, सांधा घट्ट असून तिथेच कोपरा का झाला? मलाही ते कळलं नाही.

फिशप्लेट:

४१ म्हणजे त्या जागी त्रिज्या जेमतेम ३ मीटर उरली. कारण पट्टीच्या स्वभावात आहे. १० मिमी जाडीची पट्टी साडेचार मीटर त्रिज्येला हाताने वाकते, पण ती कायमची वाकत नाही. सोडली की पुन्हा सरळ. तुम्ही ती स्लीपरवर जबरदस्तीने धरून ठेवली आहे. मधल्या भागात स्लीपर तिला धरतात. टोकाला धरणारं कोणी नाही, म्हणून शेवटचे २०-३० सेंटीमीटर सरळ होतात आणि दोन सरळ टोकं भेटतात तिथे कोपरा होतो. फिशप्लेट (सांधा जोडणारी पट्टी) कितीही आवळली तरी हा कोपरा जात नाही. बाबांच्या पॅकिंगचा इथे काडीचाही दोष नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

उपाय: पट्टी तीन रोलरच्या मशीनवर रोल करून आणा, हव्या त्या त्रिज्येपेक्षा थोडी जास्त वाकवून. रोलरमध्ये टोकं सरळच राहतात, म्हणून पट्टी दोन्हीकडे हातभर लांब रोल करायची आणि ती टोकं कापून टाकायची. वळणावर दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर ठेवू नका, अर्ध्या तुकड्याने पुढेमागे करा. आणि तुमच्या जागेत ६ मीटर त्रिज्या आरामात बसते. दोन अर्धवर्तुळं आणि १०-१० मीटरच्या दोन सरळ बाजू, एकूण जवळजवळ ५८ मीटरची रिंग. बाहेरून बाहेर २२ बाय १२ मीटर होईल, कडेला चालायला जागा उरते. साडेचारात अडकू नका. कँट काढून टाका, या वेगाला सपाट रूळ उत्तम.

सांध्यात फट ठेवायला विसरू नका. ३ मीटरची लोखंडी पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिमी वाढते. मनोरीच्या मे महिन्याच्या उन्हात रुळाला हात लावून बघा म्हणजे पटेल. ॲल्युमिनियम घेतलंत तर वाढ जवळजवळ दुप्पट.

गोराईकर:

शेजारच्या गावचा म्हणून लिहितो. आमच्याकडे लोखंड दोन पावसाळ्यांत खपल्या धरतं, समुद्राची हवाच तशी. रूळ बसवण्याआधी चारही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल द्या, कापलेल्या टोकांना आणि भोकांनाही. रुळाची वरची बाजू चाकांनी घासून चकचकीत राहते, तिची काळजी नको. लाकडी स्लीपर वाळवीच्या वाडीत टिकणार नाहीत, जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या फळ्या मिळतात त्या कापून घ्या. २५ सेंटीमीटरला एक धरला तर सव्वादोनशेच्या वर लागतील.

पाणी हे सगळ्यात महत्त्वाचं. चार महिन्यांत दोन मीटरच्या वर पाऊस पडतो इथे. आधी वीतभर माती काढा, जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, त्यावर अर्धा इंची खडी आणि कडेने विहिरीच्या उलट दिशेला उताराची चर. कापड नसेल तर पहिल्याच जुलैत खडी चिखलात जाते आणि पॅकिंग सगळं वाया.

आणि हात जोडून सांगतो, रूळ माडाखालून नेऊ नका. नेणं भाग असेल तर गाडी चालवायच्या दिवसांआधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. आमच्या पडवीच्या कौलांचं एका नारळाने काय केलं ते मी पाहिलं आहे. खाली मूल असतं तर?

साकीनाका लेथ:

मोटरचं राहिलं होतं. इंजिन, दोन ट्रॉल्या, दोन मोठी आणि दोन लहान माणसं मिळून ३०० किलो धरा. जमिनीला १०० ला १ चढ असेल तर चढाला ३ किलो ओढ आणि चाकं, बेअरिंग, वळण यांना ६-७ किलो. म्हणजे १० किलो. ताशी ६ किमी वेगाला प्रत्यक्ष काम १६५ वॅटच्या आसपास. २४ व्होल्टची ३५० वॅटची गिअर मोटर पुरते, वर शिल्लकही राहते. पण चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून इंजिनात वजन हवं. सगळी चाकं चेनने फिरवलीत तर ६० किलोचं इंजिन कोरड्या रुळावर १२ किलो ओढेल, ओल्यावर बरंच कमी. बॅटऱ्या इंजिनातच ठेवा, वजन आपोआप मिळतं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, सोडला की शून्यावर येणारा थ्रॉटल आणि शेवटच्या ट्रॉलीला हाताचा ब्रेक. या तीन गोष्टींशिवाय पोरांना बसवू नका.

फिशप्लेट:

वाफेबद्दल दोन शब्द. वॉल्ट डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या घराच्या बागेत याच गेजची रेल्वे घातली होती, जवळजवळ ८०० मीटरची. पत्नीची फुलझाडं वाचावीत म्हणून त्यांनी खालून बोगदा खणला, इतकी हौस. १९५३ मध्ये इंजिन घसरलं, वाफेने एका लहान मुलीला भाजलं आणि त्यांनी ती रेल्वे बंद केली. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत बॉयलरचा विचार नको.

वाडीवाली:

उशिरा लिहिते आहे, कारण तीन रविवार कामात गेले. वाफेचा विषय मी बाजूला ठेवला आहे, बाबाही तेच म्हणत होते.

जुनं वळण पूर्ण उखडलं. ६ मीटर त्रिज्येला पट्टी रोल करून घेतली, ती भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेंपोतून आली. बोगी अजून लेथवर आहेत, पण चाकं निमुळती होऊन आली म्हणून जुनीच ट्रॉली काल संध्याकाळी नव्या वळणावर ठेवली. कँट शून्य. भाची बसली, बाबा बाजूने काठी टेकत चालले, नजर पूर्ण वेळ पुढच्या चाकावर. सतरा वेळा गेली आणि सतरा वेळा आली. मग बाबा स्वतः बसले. एवढ्या वर्षांत ते रुळांवर कायम चाललेच होते. भाचीने त्यांना ढकलत नेलं आणि आई ओटीवरून बघत उभी राहिली.

उतरल्यावर त्यांनी दोरी मागितली. आजचे आकडे: २१, २१, २०, २१, २३, २१, २१, २०, २१. सहा मीटरला २१ यायला हवा, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. २३ वाला सांधा ते उद्या सकाळी पुन्हा उघडणार आहेत.