मदत हवी आहे: दहावी झालेल्या दोन मुलांना बेटावर समुद्री कासवांच्या कामाला पाठवायचं आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावचे. माझी मुलगी आणि निपाणीचा माझा भाचा, दोघांची यंदा दहावीची परीक्षा झाली. दोघंही सोळा वर्षांची. जूनमध्ये पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सचं कॉलेज सुरू होईपर्यंत मोकळी आहेत आणि दोघांनी एकच धोशा लावलाय: सुट्टीत एखाद्या बेटावर जाऊन कासवांसाठी, प्रवाळांसाठी काम करायचं. नुसतं फिरून यायचं नाही. मला हे मनापासून आवडलंय, म्हणूनच चार जाणत्यांना विचारून मग पाठवायचं आहे.

हे वेड रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर लागलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी जपली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली तळहातापेक्षा लहान, राखाडी पिल्लं वाळू झटकत एकमेकांच्या अंगावरून चढत होती. लोक मोबाइल घेऊन दोरीशी गर्दी करत होते आणि एक गावचा मुलगा पिल्लांच्या वाटेतले पावलांचे खड्डे हाताने सपाट करत होता, कारण तेवढ्या खड्ड्यातही पिल्लू अडकतं. मुलगी म्हणाली, मला हे काम करायचंय.

आता अडचण सांगतो. एका एजंटने इंडोनेशियातल्या एका बेटावरच्या दोन आठवड्यांच्या कार्यक्रमाची माहितीपत्रकं पाठवली. पैसे भरपूर. फोटोत मुलं पिल्लं हातात धरून उभी आहेत, पिल्लं टाकीत ठेवलेली आहेत, आणि दोन दिवस 'प्रवाळ लावणे' आहे. मला हे खटकतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो. त्या जोरावर ते पहिला दिवसभर न थांबता पोहत खोल पाण्याकडे जातं. फोटोसाठी टाकीत ठेवलं तर ती ताकद तिथेच संपते. आणि ज्यांना पाण्याखाली नीट तरंगता येत नाही त्यांच्या एका लाथेने प्रवाळाची फांदी मोडते. असल्या कार्यक्रमाला पैसे देऊन आपण कासवांचं भलं करतो की वाईट?

त्यापेक्षा अंदमान बरं वाटतं. वंडूरला एएनईटी (अंदमान निकोबार एन्व्हायर्नमेंट टीम) या निसर्ग अभ्यासाच्या संस्थेचं केंद्र आहे, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानही तिथेच. लिटल अंदमानवर लेदरबॅक कासवांचा अभ्यास चालतो. तिथून उपग्रह टॅग लावून सोडलेली कासवं एकीकडे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने, तर दुसरीकडे पार मोझांबिकपर्यंत गेली. भाच्याच्या खोलीत तो नकाशा चिकटवलेला आहे! पण अठराच्या आतल्या मुलांना अशा ठिकाणी घेतात का? कुणी पाठवलंय का? दोघंही मराठी माध्यमातली. कन्नड, हिंदी छान बोलतात, इंग्रजी अर्ज लिहिताना अडखळतात. पोहायला गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकली. समुद्राचा सराव नाही, त्यामुळे ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, धास्ती आहे.

प्रतिसाद, सिंधुदुर्गातून:

दादा, एजंटचं पत्रक बाजूला ठेवा, शंका अगदी रास्त आहे. मात्र अंदमानचीही यंदा घाई नको. लेदरबॅकचा अंडी घालण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि मेच्या मध्यावर तिकडे पाऊस धरतो. म्हणजे मुलं मोकळी झाली तेव्हा कासवं परतलेली. शिवाय लिटल अंदमानच्या किनाऱ्यावरची गस्त रात्रीची, आणि तिथल्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. सोळाव्या वर्षी तिथे नको.

आपल्याकडे मात्र अजून काम आहे. मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांना पन्नासेक दिवस धरा, पिल्लं मेच्या सुरुवातीला निघतात. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या वायंगणीला या, नाहीतर देवगडकडे तांबळडेगला. घरटी सांभाळणाऱ्या गावकऱ्यांना आणि वनखात्याला आधी विचारा. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा. मुलांना किनारा साफ करणं, नोंदी लिहिणं, पर्यटकांचे टॉर्च बंद करायला लावणं असली कामं मिळतील. ती फोटोत येत नाहीत, पण तीच लागतात. डायव्हिंगही तारकर्लीला एमटीडीसीच्या (महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या) केंद्रात शिकता येईल.

प्रतिसाद, पुण्यातून:

कुठल्याही बेटावरच्या कार्यक्रमाला एवढंच विचारा: परवानगी कुणाच्या नावे आहे, जमवलेल्या नोंदी कुणाकडे जातात, आणि पाहुणे नसतात त्या महिन्यांत काम चालू असतं का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच गप्प होतात.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचे आभार. दुपारी पोरांना वाचून दाखवलं. भाचा जरा हिरमुसला. मुलीने लगेच विचारलं, वायंगणीला कधी निघायचं. यंदा मेमध्ये कोकण, अंदमान पीयूसीनंतर, असं ठरवतोय. वायंगणी किंवा तांबळडेगला मुलांना आठवडाभर ठेवून घेईल असं घर कुणाच्या माहितीत आहे का? पहिले दोन दिवस मी सोबत राहीन. आणि समुद्रात पोहण्याचा सराव त्याच मुक्कामात करून देणारं विश्वासू माणूस असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, म्हणजे ताईला सांगता येईल.